बदामाचं झाड खाली करा

बदामाखाली पडलेले ते दाणे पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला वाटलं, बकरीच्या लेंड्या आहेत. एक उचलून हातात घेतला आणि चूक कळली. लेंडी गोल असते. हा दाणा पिंपासारखा होता, दोन्ही टोकांना सपाट आणि कडेनं सहा खाचा, कोणी मुद्दाम कोरल्यासारख्या. फोडून पाहिला, तर आत नुसता पानांचा भुगा, वास चहाच्या चोथ्यासारखा. एवढ्यात दुसरा दाणा माझ्या बाहीवर टपकला. म्हणजे जे काही होतं ते वर होतं, आणि जेवत होतं.

सौंसरच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागून तेव्हा मला तीन-चार महिने झाले असतील. साल छप्पन. मी नागपूरहून बी.एस्सी. होऊन आलो होतो. आमच्या घरात माझ्याआधी चौथीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं, आणि गावातही नाही. हे मी तेव्हा लोकांना सांगत असे आणि आजही सांगतो. ज्याच्या बापानं संत्र्याचे पेटारे बैलगाडीनं पांढुर्ण्याच्या स्टेशनावर पोचवून पोराला शिकवलं, त्यानं ते लपवायचं कशाला?

ते झाड म्हणजे बाजारात मिळतो त्या बदामाचं नव्हे. स्टेशनांच्या आणि कचेऱ्यांच्या आवारात असतो तो आपला देशी बदाम, हातभर पानांचा, मजल्यामजल्यानं फांद्या पसरणारा. फळ वाळलं की पोरं दगडावर ठेवून फोडतात आणि आतली बोटाच्या पेराएवढी गिरी खातात. शाळेतल्या या झाडाला मालक होता. कागदावर नव्हे, पण होता. सत्तेचाळीस साली शाळेत पहिल्यांदा झेंडा लागला, त्या पावसाळ्यात शाळेच्या चपराशानं ते लावलं. पांढुर्ण्याच्या स्टेशनाबाहेर पडलेलं एक फळ त्यानं खिशात घालून आणलं होतं. नऊ उन्हाळे त्यानं विहिरीचं पाणी घालून ते जगवलं. वयानं तो माझ्या वडिलांएवढा, म्हणून मी त्याला काका म्हणायचो. पडलेली फळं तो टोपलीत गोळा करायचा आणि शनिवारी मधल्या सुट्टीत पोरांना वाटायचा. झाडावर दगड मारणाऱ्या पोट्ट्याला मात्र त्या वाटणीतून कायमचा बाद करायचा.

मी मान वर करून पाहत होतो तेव्हा तो मागे येऊन उभा राहिला.

"काय पाहून राहिले, गुरुजी?"

"काका, वर काहीतरी आहे."

"काहीतरी काय, अळ्या हायेत. चांगल्या केळाएवढ्या. उद्या बांबू घेऊन झोडपतोच त्याइले."

मला त्या दिसायला बराच वेळ लागला. हिरव्या पानावर हिरवी अळी, आणि तीही पानाच्या खालून लटकलेली. पण एकदा एक दिसली की दहा दिसायला लागतात. अंगठ्यापेक्षा जाड, अंगावर विरळ केस, कडेनं पिवळी रेघ, आणि त्या रेघेवर दोन-तीन ठिपके असे चमकणारे की कोणी आरशाचे तुकडे चिकटवलेत. चावायची रीत अशी की पानाची कड पुढच्या पायांत धरायची, डोकं वरून खाली आणायचं, पुन्हा वर न्यायचं. विळ्यानं गवत कापल्यासारखं. एक पान संपवायला तिला किती वेळ लागतो ते पाहायचं म्हणून मी उभा राहिलो आणि पाचव्या तासाला उशिरा पोचलो.

ही अळी मी कॉलेजात पाहिली होती. म्हणजे अळी नाही, तिचा पतंग. प्रयोगशाळेतल्या काचेच्या पेटीत टाचणीला लावलेला, एक पंख तुटलेला. लॅटिन नाव मला पाठ होतं. जंगली रेशमाचा पतंग, एवढं माहीत होतं. जिवंत कधी दिसेल असं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काका खरंच बांबू घेऊन आला. मी आडवा झालो.

"काका, थांबा. रेशमाचे किडे आहेत हे. तीनेक आठवडे राहू द्या. मला पाहायचं आहे."

"तुम्हाले पाहायचं हाये अन् माह्यं झाड मरन त्याचं काय?"

"मरत नाही. पानं परत येतात."

"कायवरून?"

"मी बी.एस्सी. आहे काका."

"बी.एस्सी. म्हंजे झाडाचा डॉक्टर काय जी?"

"झाडाचा नाही. किड्यांचा म्हणा."

"तरीच! तरीच किड्याइच्या बाजूनं बोलून राहिले तुम्ही."

ओसरीवर उभे असलेले पोट्टे हसले. माझे कान तापले. मी म्हणालो, "लिहून देऊ का?"

"द्या लिहून."

मला वाटलं गंमत करतोय. तो गंमत करत नव्हता. मी वहीचं पान फाडलं आणि लिहिलं की या बदामाच्या झाडास अळ्यांमुळे काही झाल्यास त्याची जबाबदारी माझ्यावर राहील. खाली सही केली आणि सहीपुढे बी.एस्सी. लिहायला विसरलो नाही. काकानं तो कागद ओठ हलवत वाचला, चार घड्या केल्या आणि टोपीच्या पट्टीत खोवला.

सांगून टाकतो की पानं परत येतात की नाही हे मला माहीत नव्हतं. पुस्तकात तेवढं लिहिलेलं नव्हतं.

मग रोज सकाळी घंटेच्या आधी आम्ही दोघं झाडाखाली. मी अळ्या पाहायचो, तो फांद्या पाहायचा. वरचे दोन मजले उघडे पडले, तसा तो माझ्याशी कमी बोलायला लागला. "आज शेंड्याचं पान गेलं," एवढंच म्हणायचा आणि टोपीला हात लावायचा.

याच दिवसांत नोव्हेंबर उजाडला आणि आमचं सरकार बदललं. कालपर्यंत आमची राजधानी नागपूर होती, कापूस तिकडं, कोर्ट तिकडं, कॉलेज तिकडं. एका सकाळी नागपूर मुंबईच्या राज्यात गेलं आणि आम्ही भोपाळच्या. शेत हललं नाही, घर हललं नाही, पण गाव दुसऱ्या घरात दिल्यासारखं झालं. आमचे जुने हेडमास्तर नागपूरकडे गेले. त्यांच्या जागी उत्तरेकडून, सागरच्या बाजूचे एक गृहस्थ आले. सडपातळ, काळी टोपी, बोलणं मऊ. मराठी त्यांना एक अक्षर येत नव्हतं आणि ते तसं पहिल्याच दिवशी हात जोडून म्हणाले. पण गावात वावड्या उठायच्या त्या उठल्याच. मराठी शाळा बंद होणार, ज्याला हिंदी येत नाही त्याची नोकरी जाणार. काकाला बाजारातली हिंदी येत होती. कागदावरची येत नव्हती. आणि ते त्याला कोणाला कळू द्यायचं नव्हतं.

महिन्याच्या मध्यावर अळ्या खायच्या थांबल्या. मला वाटलं, मेल्या. मग एका सकाळी काकानंच हाक मारली. "गुरुजी, झाडाले दुसरंच फळ लागलं पाहा!" कोंबडीच्या अंड्याएवढे, राखी-पिवळट, कडक कोश फांद्यांना देठानं लटकत होते. देठ नुसता चिकटवलेला नव्हता. अळीनं फांदीभोवती आधी कडं केलं होतं, त्या कड्यापासून देठ, आणि देठाला कोश. पान गळून पडलं तरी कोश पडू नये असा बंदोबस्त. हिला हे कोणी शिकवलं, हा प्रश्न मला तीन दिवस पुरला.

त्या शनिवारी प्रार्थनेच्या वेळी एक शेवटची मागे राहिलेली अळी हेडमास्तरांच्या काळ्या टोपीवर पडली. तिथून खांद्यावर. पोट्टे असे हसले की प्रार्थना बुडाली. साहेबांनी रुमालानं तिला हळूच बाजूला केलं आणि आत निघून गेले. शाळा अर्ध्या दिवसाची होती. एक कोश खिशात घालून मी सायकलवर गावी निघालो.

वडील अंगणात बसले होते. मी कोश त्यांच्या हातावर ठेवला, आणि लॅटिन नाव सांगणार तेवढ्यात ते म्हणाले, "कोसा व्हय हा. कुठं सापडला?"

"बदामावर."

"बदामावर? येनावर रायते हा."

येन म्हणजे ऐन, डोंगराकडच्या जंगलातलं. ते उठून गोठ्यात गेले आणि जुना चाबूक घेऊन आले. दांड्याला राखाडी रंगाची पातळ पट्टी गच्च गुंडाळलेली होती. "तुह्या आज्यानं बांधली. कोसा भिजू घालाचा अन् गोल गोल कापत जायाचं, संत्र्याची साल काढतो तशी. कातडं सडलं, दोन दांडे मोडले, हे पट्टी तशीच हाये. नागपुरात नाई सांगतलं काय?"

"सांगितलं. लॅटिनमध्ये."

"बरं, येनाले काय म्हणते मंग लॅटिनमधी?"

मी सांगितलं, टर्मिनालिया. आणि सांगता सांगता थांबलो. बदामही टर्मिनालिया! परीक्षेसाठी दोन वेगळ्या पानांवर मी ही दोन नावं घोकली होती आणि एकदाही शेजारी ठेवली नव्हती. दोन्ही झाडं एकाच कुळातली. अळीनं ते एक घास घेऊन ओळखलं होतं.

वडील म्हणाले, "असा काय पाहून राहिला? जेवाले चाल."

सोमवारी मी घंटेच्या खूप आधी शाळेत पोचलो. कधी एकदा काकाला हे सांगतो असं झालं होतं. तो बदामाच्या बुंध्याशी बसलेला होता. शेजारी कुऱ्हाड. खालच्या मजल्यावरची एक फांदी तुटून जमिनीवर पडलेली, आणि झाडावर एकही कोश नव्हता. एकही.

"काका, हे काय केलं?"

त्यानं ओसरीकडे हात दाखवला. तिथं त्याची बदामाची टोपली होती. तिच्यात सगळे कोश, प्रत्येक त्याच्या काटकीसकट कापून, देठ न मोडता, पानांवर मांडून ठेवलेले. ती शेवटची अळी पण, वेगळ्या फांदीवर.

"तुमच्या ह्या किड्याइचं काय पाप? काल दिवसभर एकेक काढला. शिडी लावून. तुमचे तुम्ही घेऊन जा. मंग मी माह्यं काम करतो."

"कोणतं काम?"

त्यानं खिशातून चिठ्ठी काढली. नव्या हेडमास्तरांचं अक्षर. शनिवारी दुपारी मी गेल्यावर दिलेली. "बादाम का पेड़ सोमवार सुबह तक खाली करा दिया जाए।"

"वाचा तुम्हीच," तो म्हणाला. "खाली करा. साफ लिहेल हाये. झाड खाली करा, अन् दिया जाए. म्हंजे लाकूड कोणाले तरी देऊन टाका. कोणाले द्याचं ते नाई लिहेलं."

आता कोणी म्हणेल, तुम्ही तर शिकलेले. पण ती चिठ्ठी मीही काकासारखीच वाचली. पहिलीपासून माझे डोळे मराठी वाचत आलेले. खाली म्हणजे वर नव्हे ते. झाड खाली, म्हणजे झाड जमिनीवर. मला दुसरं काही सुचलंच नाही. मला दिसली ती फक्त शनिवारची अळी, ती काळी टोपी आणि पोरांचं हसणं. म्हटलं, घेतला सूड.

"तुम्ही त्यांना विचारलं का नाही?"

"काय इचारू? साहेब, तुमची हिंदी समजत नाई म्हणू? अन् मंग घरी जाऊन बसू?" त्यानं तुटलेल्या फांदीकडे पाहिलं. "एक फांदी तोडून पाह्यली काल. हात चालते का ते पाहाले. नाई चालला. म्हटलं आज तुम्ही आले का तुमच्या समोर करतो."

मग टोपीला हात लावून म्हणाला, "तुमच्या कागदात हे नाई बसत म्हणा. अळीनं नाई मारलं झाड. तुम्ही सुटले."

ते मला फार लागलं. मी कुऱ्हाड उचलून माझ्या पाठीमागे ठेवली आणि मनात भाषण जुळवायला लागलो. सत्तेचाळीस साल, झेंडा, नऊ उन्हाळ्यांचं पाणी, सगळं. नोकरी गेली तर संत्र्याची बाग होतीच. हेडमास्तर फाटकातून आत आले तेव्हा मी वाटेतच उभा होतो.

ते थांबले. मान वर करून झाड पाहिलं. आणि त्यांचा चेहरा खुलला.

"वाह! एकदम खाली हो गया। बहुत मेहनत की आपने," ते काकाला म्हणाले.

काकानं झाडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "साहेब," तो म्हणाला, "अजून तं उभंच हाये."

"हाँ, तो?"

माझं भाषण सुरू होऊन चुकलं होतं. मोडक्या हिंदीत मी म्हणालो, सर, ये पेड़ काटना ठीक नहीं, ये आदमी ने नौ साल... ते मधेच म्हणाले, "काटना? पेड़ काटने को किसने कहा?" मी चिठ्ठी पुढे केली. त्यांनी स्वतःचं अक्षर दोनदा वाचलं. "यही तो लिखा है। खाली। कीड़ों से खाली।"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मी मोठ्यानं हसलो. मी काकाला म्हटलं, "काका, त्यांचं खाली म्हणजे रिकामं! झाडावरचं सगळं काढा, एवढंच."

काकाला ते पटायला वेळ लागला. "हात खाली असते, मान्य. डब्बा खाली असते. घर बी खाली करते. पण झाड? झाडात काय भरलं रायते का ते खाली करा?"

हेडमास्तर कुऱ्हाडीकडे पाहत होते, मग तुटलेल्या फांदीकडे. त्यांना सगळं कळलं असावं, कारण ते सरळ बुंध्याशी जाऊन जमिनीवर बसले, धोतराची पर्वा न करता. काकाला म्हणाले, "मुझसे पूछ लेते, भैया।" मग त्यांनी खिशातून छोटी वही काढली आणि मला विचारलं, रिकामं कसं लिहितात. मी सांगितलं. त्यांनी अनुस्वारासकट लिहिलं. "और नीचे?" मी म्हणालो, "खाली." त्यांनी रिकामंच्या खाली रेघ मारली आणि रेघेखाली तेही लिहिलं. पुढे काकाला एकही चिठ्ठी त्यांनी मला दाखवल्याशिवाय दिली नाही, आणि वर्षभरात इतकं मराठी शिकले की पोट्ट्यांना "गप बसा बे" म्हणायला लागले. ते बे त्यांना कोणी शिकवलं, मी चौकशी केली नाही.

शेवटची अळी मी वडिलांच्या शेताच्या धुऱ्याजवळ, बांधावरच्या येनावर सोडली. काटक्या टोपलीसकट प्रयोगशाळेच्या कपाटावर ठेवल्या. हिवाळा गेला, काही झालं नाही. बदामाची उरलीसुरली पानं लाल होऊन गळली. तो माघ-फाल्गुनात पानं गाळतोच, त्यामुळे अळीनं काय नेलं आणि हिवाळ्यानं काय नेलं याचा निवाडा कठीण होता. होळीनंतर सगळ्या मजल्यांवर कोंब फुटले. तुटलेल्या फांदीच्या खुंटाला सोडून. मी काकाला म्हणालो, "पाहा, आली ना पानं?" तो म्हणाला, "पानं तं दरसाल येते."

मृग लागून गेलं होतं आणि शाळा उघडायला आठवडा होता तेव्हा मी कपाट झाडायला गेलो. टोपलीवर एक पतंग बसला होता. बसली होती, मादी. पिवळी, पंख पसरले की माझी वीत जवळजवळ भरणारे, आणि चारही पंखांवर एकेक गोल खिडकी, काच लावल्यासारखी आरपार. पेटीतल्या त्या तुटक्या पंखाच्या पतंगात ही खिडकी मला धुळीचा डाग वाटली होती. मी काकाला हाक मारली. तो वाकून त्या खिडकीतून पलीकडे पाहायला लागला.

"चष्मा पंखाले लावला बाईनं. खाते काय हे?"

"काहीच नाही. हिला खायचं तोंडच नाही काका. अंडी घालेल आणि आठवड्याभरात मरेल."

"तोंडच नाई?" तो सरळ झाला. "आता कायले लागते तोंड. माह्या झाडावर सगळं खाऊन ठेवलं ना तिनं आधीच."

मी तिला खिडकीच्या गजाजवळ काटकीवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गजाच्या बाहेरच्या अंगाला दोन नर चिकटलेले होते, तांबूस तपकिरी, मिशा पिसासारख्या. टोपलीतले बाकीचे कोश अजून बंदच होते. म्हणजे हे बाहेरून आले होते. कुठून? जवळचं येनाचं जंगल कोसभर दूर. मी काकाला सांगितलं की मादीच्या वासावर येतात, मैलोगणती. खरं तर वास म्हणजे नेमकं काय, तो वाऱ्यात फाटून कसा जात नाही, हे मला कळत नव्हतं. आजही नीटसं कळत नाही.

काकानं गजाशी वाकून त्या दोघांना न्याहाळलं. "पाहा गुरुजी, ना चिठ्ठी, ना चपराशी. तरी बराबर पत्त्यावर आले."

मादी निघून गेलेला कोश त्यानं मागून घेतला. वडिलांची युक्ती मी त्याला सांगितली होती. भिजवून, गोल कापून, त्याच्या कुऱ्हाडीच्या तडकलेल्या दांड्यावर त्यानं पट्टी गुंडाळली. दांडा त्या फांदीवरच तडकला होता, असं तो म्हणाला. मला ते पाहून बरं वाटलं आणि मी म्हणालो, "आता तो कागद द्या परत. झाड जगलं."

त्यानं टोपी काढली, पट्टीतला कागद चाचपून पाहिला आणि टोपी परत डोक्यावर घातली.

"कायले घाई करून राहिले जी? अंडे घालून राह्यली ना ते. यंदाच्या अळ्या येऊ तं द्या."